पुराच्या बोर्डावर मी हसत होतो

शांभवी शिकून कोल्हापूरला परत आली तेव्हा तिची खात्री होती की मी तिला एखाद्या बालवाडीच्या भिंतीवर भेटेन. नाहीतर गोष्टीच्या पुस्तकात, नाहीतर वाचनालयाच्या पाटीवर. मी तिला भेटलो स्टँडसमोरच्या चौकात, दोन मजली उंच फ्लेक्सवर. गॉगल घातलेल्या एका तरुण नेत्याच्या हनुवटीखाली मी ‘वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा’ झालो होतो. माझ्याभोवती आधी पांढरी कड, मग लाल, मग सोनेरी, आणि सगळ्यामागे काळी सावली. हातातली बॅग खाली न ठेवता ती माझ्याकडे बघत उभी राहिली.

“ताई, सायेब वळखीचं हाईत काय?” रिक्षावाल्यानं विचारलं.

“साहेब नाहीत. अक्षर ओळखीचं आहे.”

रिक्षावाल्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि रिक्षा चालू केली.

ते अक्षर म्हणजे मी. माझं नाव निवांत. मी एक फॉन्ट आहे. हातानं काढलेल्या अक्षरांवरून संगणकासाठी तयार केलेलं एक वळण. आजवर मी दुसऱ्यांचंच बोलणं अंगावर वागवत आलो. आज थोडं माझं सांगतो. दमलोय, म्हणून फार सजवून सांगणार नाही.

माझा जन्म इंग्लंडात झाला. शांभवी तिथं अक्षरं घडवायचं शिक्षण घेत होती. हिवाळ्यात दुपार संपायच्या आधीच अंधार व्हायचा, आणि बोलायचं तर सगळे हळू, जपून बोलायचे. एका रविवारी आईचा फोन ठेवल्यावर तिनं ब्रश शाईत बुडवला आणि वाणसामानाच्या खाकी पिशवीवर आईचंच वाक्य लिहिलं: ‘जेवलीस का न्हाईस?’ मी पहिल्यांदा जगात आलो तो असा, एका प्रश्नाच्या रूपात. तिला ते वळण आवडलं. मग तिनं बाराखडी काढली, जोडाक्षरं काढली, आकडे काढले, आणि हिवाळा संपेपर्यंत माझं अंग भरत गेलं.

मी कसा दिसतो तेही सांगायला हवं. माझी शिरोरेषा सरळ नाही. दोरीवर कपडे वाळत घातल्यावर दोरी जशी मधे झोल खाते तशी ती आहे. माझ्या ‘घ’ला पोट सुटलंय. माझ्या ‘र’चा पाय रस्त्यात पसरलेला असतो. वेलांटी डोक्यावरून घ्यायची ती मी पदरासारखी सैल सोडतो. शांभवीला तिथं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हे अक्षर शर्टाची वरची बटणं उघडी टाकून बसल्यासारखं दिसतं. शांभवीला हा शेरा फार आवडला. तिचं म्हणणंच असं होतं की आपल्याकडे मुलांना पहिल्यांदा भेटतात ती दटावणारी अक्षरं. थुंकू नये. हात लावू नये. रांगेत उभे राहावे. निदान एक अक्षर असं असावं की जे मुलाच्या शेजारी मांडी घालून बसेल. ती हे इतक्या पोटतिडकीनं बोलायची की तिच्या खोलीत राहणाऱ्या मुली कानात गाणी लावून बसायच्या.

मला विकायला ती तयार नव्हती. वारा आणि ऊन जसं सगळ्यांचं, तसं अक्षर सगळ्यांचं, असं तिनं ठरवलं आणि मला इंटरनेटवर मोकळं सोडून दिलं. ज्याला हवा त्यानं घ्यावा, हवा तसा वापरावा. अट कुठलीच घातली नाही.

बालवाड्यांनी मला घेतलं नाही. मला घेतलं फ्लेक्सवाल्यांनी.

लक्ष्मीपुरीत धैर्यशीलचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. आडदांड, दिलखुलास माणूस, बोलतो तेव्हा समोरच्या दुकानातल्यालाही ऐकू जातं. त्यानं मला आपल्या संगणकात घेतलं आणि यादीत सगळ्यात वर ठेवलं. त्याला कारण होतं. मी ताणला तरी तुटत नाही, दाबला तरी वाचता येतो, आणि मुळातच वाकडा असल्यामुळे छपाई थोडी हलली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. झालं. मी मिसळीच्या गाड्यावर गेलो, गुऱ्हाळावर गेलो, पोटविकारतज्ज्ञांच्या पाटीवर गेलो. दूध संस्थेच्या सभेला गेलो. नव्या ट्रॅक्टरच्या स्वागताला गेलो. एकाच गल्लीत पैलवानाच्या अभिनंदनाला आणि त्याच्याकडून पडलेल्याच्या शुभेच्छांनाही मीच होतो.

उंचावर लटकल्यामुळे मला माणसांच्या सवयी नीट दिसतात. माणूस बोर्डापाशी आला की आधी फोटो बघतो. मग खालच्या ‘शुभेच्छुक’ लोकांच्या गर्दीत आपला फोटो शोधतो. तो सापडला तर मोबाईल काढतो, नाही सापडला तर शिवी देतो. मधला मजकूर कुणी वाचत नाही. रंग आणि अक्षराचा चेहरा बघून, हा वाढदिवस, हा गणपती, ही जत्रा, असं त्यानं लांबूनच ठरवून टाकलेलं असतं. पुढं बोर्ड उतरतो आणि मी कुणाच्या तरी वैरणीवर पांघरूण होतो. तोंड खाली, पाठ पावसाला. तिथं खरं तर मला जरा बरं वाटतं. पण तोवर दुसऱ्या चौकात माझी बोलावणी आलेली असतात.

आल्यावर आठवड्याभरातच शांभवी धैर्यशीलच्या दुकानात भांडायला गेली.

“तुम्ही सगळीकडे हा एकच फॉन्ट वापरता.”

“मग? चालतोय की. गिऱ्हाईक खूश हाय.”

“परवा एका रक्षाविसर्जनाच्या बोर्डावरही हाच होता.”

“लई गर्दी झालती त्या रक्षाविसर्जनाला.”

“अहो, पण हे अक्षर हसरं आहे.”

“ताई, गेलेला माणूस बी हसराच हुता. आमच्याच तालमीतला. मी वळखत हुतो.”

धैर्यशील पुढं म्हणाला, “कुणी काढलाय म्हाईत न्हाय, पण ज्यानं काढलाय त्याला एकदा मिसळ घालायची हाय मला.”

“मी काढलाय.”

त्यानं तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, खुर्चीवरचे कागद ढकलून दिले, खुर्ची पुसली आणि मिसळ मागवली. तिचं सगळं म्हणणं त्यानं ऐकून घेतलं आणि प्रत्येक वाक्याला “बरोबर हाय” म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी एका बोअरवेलच्या गाडीवर होतो.

ऑगस्ट लागला. राधानगरीकडं पाऊस थांबायचं नाव घेईना. धरणाचे दरवाजे उघडले, पंचगंगा पात्राबाहेर आली, आणि सगळं पाणी शिरोळकडं सरकू लागलं. तिकडं कृष्णाकाठी शांभवीचं आजोळ आहे. तिचे मामा, बसलिंगाप्पा, तिथंच राहतात. चार म्हशी, थोडा ऊस, आणि बोलायला अख्खा पार. गावातले लोक त्यांना आण्णा म्हणतात. पुराची एक गोष्ट बाहेरच्याला खरी वाटत नाही: पाणी येतं तेव्हा त्या गावात ऊन पडलेलं असतं. पाऊस पडतो लांब डोंगरात. इथं माणसं वाळत घातलेले कपडे उलटे करत असतात आणि नदी मागच्या रानात शिरलेली असते.

गावच्या ग्रामसेविका वर्षाराणी यांनी सकाळी धैर्यशीलला फोन केला. दोन मोठे बोर्ड हवेत, तासाभरात. एक वेशीपाशी लावायला, एक ओढ्यापलीकडच्या खालच्या वस्तीत. मोबाईलवर मागच्या महापुराचे जुने व्हिडिओ फिरत होते, त्यामुळे कुणी मोबाईलवर विश्वास ठेवेना. बोर्डावर लिहिलेलं तरी लोक मानतील, असं त्यांना वाटलं. धैर्यशीलनं हातातलं सगळं काम बाजूला टाकलं. त्या गावच्या जत्रेचा बोर्ड त्यानंच केला होता आणि तो संगणकात तयार होता. वेळ वाचावा म्हणून त्यानं तोच उघडला, मजकूर बदलला, आणि छापून टेंपोत घातला. पिवळी जमीन तीच राहिली. वरच्या कोपऱ्यांतले झेंडूचे हार तसेच राहिले. आणि अक्षर मीच राहिलो.

‘नदीची पाणीपातळी झपाट्याने वाढत आहे. ग्रामस्थांनी जनावरांसह त्वरित सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करावे.’

हे मी सैल वेलांट्यांनी, पाय पसरलेल्या ‘र’नी, झेंडूच्या हारांखाली उभा राहून सांगत होतो. मला माझा आवाज बदलता येत नाही. मला जे काढलंय तेच मी आहे.

इकडं शांभवीच्या आईचा, रुद्राणीबाईंचा, जीव थाऱ्यावर नव्हता. फोनवर भाऊ म्हणत होता, काय न्हाय गं, गाव निवांत हाय. त्यांनी लेकीला म्हटलं, “तू जा आणि त्याला घेऊन ये. माझं ऐकायचा न्हाय तो.” शांभवी स्कूटी घेऊन निघाली. वाटेत दोन्ही बाजूंना उसात पाणी उभं होतं. गावात शिरणाऱ्या रस्त्याच्या कडेला ते डांबराला टेकलं होतं, पण वर आलं नव्हतं.

वेशीपाशी तिनं मला पाहिलं आणि ब्रेक दाबला. माझ्याखालच्या पारावर मामा आणि आणखी काही माणसं तंबाखू मळत बसली होती.

“या पावणं,” मामा म्हणाले. “वाट चुकलीस काय?”

“मामा, अजून इथंच? बोर्ड वाचला नाहीत?”

“कुठला?”

“तुमच्या डोक्यावर आहे तो.”

मामांनी मान वर केली. “ह्यो व्हय. जत्रंचा हाय की.”

“जत्रा होऊन किती महिने झाले.”

“मग कुणाचा तरी वाढदिवस असंल. गॉगल कुठं दिसंना पर.”

पारावर हसू पिकलं. शांभवीनं मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. हसू थांबलं, पण कुणी उठलं नाही. मामांनी बोर्ड पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळला.

“आसं हाय व्हय. मग येवढं नटून कशाला सांगत्यात?”

“नटून नाही हो मामा, खरंच सांगतायत.”

“हे बघ, पोरी. सकाळपास्नं अख्खं गाव ह्याच्याखालनं ये-जा करतंय. एक बी माणूस थांबला न्हाय. म्हंजी तेवढं काय नसणार. गाव हलंल तवा आपुन हलू.”

शांभवीच्या लक्षात आलं की वाचून काही होणार नाही. इथं प्रत्येकजण दुसऱ्याचा चेहरा वाचत होता, आणि सगळ्यात मोठा चेहरा माझा होता.

तिनं मामांकडे रंग मागितला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मारून उरलेला काळा ऑइलपेंट गोठ्यात होता. तिनं सुतळ्या कापल्या, मला खाली ओढलं आणि ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर पालथं घातलं. माझी पाठ कोरी, पांढरी. वर्षाराणी आतून धावत आल्या, काय चाललंय ते पाहून क्षणभर थबकल्या, आणि न विचारता त्यांनी फ्लेक्सचं एक टोक पायानं दाबून धरलं.

पुढचं मी अंगावर अनुभवलंय म्हणून सांगतो. शांभवीनं ब्रश बुडवून लिहायला सुरुवात केली, ‘पाणी येत’, आणि तिचा हात अडला. ती मीच होतो. वेलांटी पदरासारखी सैल, ‘ण’ मागं रेललेला. तिचा हात घाईत जे काढतो ते मीच असतो. दुसरं वळण त्या हाताला ठाऊकच नव्हतं. तिनं डिझेलच्या बोळ्यानं ते पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा मीच. पारावरची माणसं आता जवळ येऊन बघत होती.

“काय, लिवता ईना व्हय?” कुणीतरी म्हणालं.

“येतंय. हेच येतंय, म्हणून तर,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हात काळे झाले होते.

तिनं कट्ट्यावरची एक फळी घेतली, ती फ्लेक्सवर आडवी ठेवली आणि तिच्या कडेनं आधी शिरोरेषा ओढली. सरळ, जाड, कुठंही झोल नसलेली. मग ब्रश दोन्ही हातांनी धरला आणि एकेक दांडा खाली सोडला, जसे दारासमोर गज लावावेत तसे. माझ्या पाठीवर ती अक्षरं उमटत होती आणि त्यातल्या एकातही माझी खूण नव्हती.

‘पाणी येत आहे. रस्ता आज बंद होईल. जनावरं घेऊन आत्ता निघा.’

काळं. पांढऱ्यावर. ना हार, ना कड. तो बोर्ड पुन्हा वेशीपाशी चढला आणि माझं तोंड वेशीच्या भिंतीकडं झालं. मला फक्त आवाज येत होते. डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली एक बाई थांबली असावी, कारण भारा जमिनीवर टाकल्याचा आवाज आला. मग चपलांचा आवाज, पळत जाणाऱ्या. मग पहिला ट्रॅक्टर चालू झाला. शेवटी मामा म्हणाले, “आता कसं. ही बातमी वाटती,” आणि म्हशी सोडायला गेले.

वरचं गाव दिवस मावळायच्या आत माळावरच्या शाळेत पोचलं.

पण बोर्ड दोन होते. दुसरा ओढ्यापलीकडं, खालच्या वस्तीत. रंगाचा डबा घेऊन शांभवी तिकडं निघाली तेव्हा ओढ्याचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं आणि मामांनी तिचा दंड धरला. त्यांनी वस्तीवरच्या एकाला फोन लावला, ओरडून ओरडून सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, “व्हय की आण्णा, बोर्ड लावलाय हितं, बघितलाय. सकाळी बघू की.”

मी एकाच वेळी दोन्हीकडं होतो, हे माझं दुर्दैव. वेशीपाशी भिंतीकडं तोंड करून, आणि वस्तीत नदीकडं तोंड करून. वस्तीत मला सगळं दिसत होतं. पाणी आवाज न करता आलं. आधी उंबऱ्यावर, मग चुलीपाशी, मग गोठ्यात. माणसं माळवदावर चढली. जनावरांची दावी कापली, म्हणजे बिचारी आपल्या पायांनी कुठं जातील तिकडं जातील. पाणी माझ्या खालच्या ओळीपर्यंत आलं, ‘आपली ग्रामपंचायत’ बुडालं, आणि वरच्या ओळीत मी तसाच हसत, पोट पुढं काढून, त्यांना त्वरित स्थलांतर करायला सांगत होतो.

सकाळी होडीनं माणसं आणली. सगळी आली. जनावरं कुणाचीच आली नाहीत.

शाळेच्या व्हरांड्यात शांभवी चहा वाटत होती. होडीतून उतरलेला एक माणूस भिंतीला टेकून बसला होता. आकाराम त्याचं नाव. हातात नुसतं कापलेलं दावं होतं, ते त्यानं मनगटाला गुंडाळलं होतं. मामा त्याच्याजवळ जाऊन बसले.

“गाई?” मामांनी विचारलं.

“गेल्या.”

“अरं, काल फोन केलता की तुमाला. बोर्ड बी लावला हुता.”

“बघितला हुता की,” आकाराम म्हणाला. “चांगला हुता बोर्ड. रंगीत. पोरांनी त्येच्यापुढं फोटो काढलं.”

चहाचा कप शांभवीच्या हातात राहिला. ती खाली बसली आणि म्हणाली, “दादा, ती अक्षरं मी काढलेली आहेत.”

आकारामनं तिच्याकडे पाहिलं. रागावला नाही. तो काय रागावणार, त्याला यातलं काही ठाऊकच नव्हतं.

“तुमी व्हय? हात बरा हाय तुमचा,” तो म्हणाला, आणि चहा घेतला.

गाई फक्त माझ्यामुळे गेल्या असं मी म्हणणार नाही. नदी मोठी होती, ऊन पडलं होतं, माणसांना सवय झाली होती. पण आजवर मला कधी एवढा थकवा आला नव्हता. हसायला माझी ना नाही. मला त्यासाठीच काढलंय. मुलांपाशी बसवा, खाऊच्या डब्यावर लिहा, लग्नाच्या घरी न्या; रात्रंदिवस हसेन. मात्र जिथं माणसाला उठून पळायचंय, जिथं कुणी गेलंय, जिथं औषध किती घ्यायचं ते लिहिलंय, तिथं मला उभं करू नका. तिथं माझं तोंड बंद होत नाही, आणि तुम्ही माझ्या तोंडाकडं बघून ठरवता.

शांभवी शाळेच्या मागच्या पायरीवर गेली. आधी तिनं मला इंटरनेटवरून काढून टाकायचं ठरवलं, मोबाईल हातात घेतला, आणि ठेवून दिला. मी आता कुठून कुठून काढला जाणार होतो? मग तिनं धैर्यशीलला फोन लावला. त्याला कळलं होतं. एरवी गल्लीभर ऐकू जाणारा त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“घाईत झालं, ताई. मी तरी काय...”

“माहीत आहे. म्हणून सांगते. पाणी उतरलं की मी तुमच्या दुकानात कामाला येणार आहे.”

“फ्लेक्सच्या दुकानात? तुमी येवढं शिकून?”

“कुठल्या बोर्डाला कुठलं अक्षर लागेल ते गिऱ्हाईकाला समोर बसून मी विचारणार. आणि जे अक्षर आपल्याकडं नसेल, ते तिथंच बसून काढणार.”

“गिऱ्हाईक भांडंल हो.”

“भांडू दे. मी पण भांडीन.”

तो म्हणाला, “खिडकीपाशी टेबल लावतो.” तिनं फोन ठेवला, पायरीवरची मूठभर ओली वाळू पसरली, बोटानं एक सरळ आडवी रेघ ओढली, आणि तिच्याखाली नव्या अक्षराचा पहिला दांडा सोडला.